व्यायामात खंड पडणारच, परत यायची वाट आधी ठरवा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: वय 41, फोर्टला बँकेत नोकरी, डोंबिवलीहून रोजची लोकल, घरात दोन शाळकरी मुलं. गेल्या काही वर्षांत तीनदा जिम लावली, तिन्ही वेळा वर्षाची फी भरली आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत जाणं बंद झालं. व्हिडिओ बघितले की उत्साह येतो, चार दिवसांत ओसरतो. स्टेशनपासून घर चालत वीस मिनिटांवर आहे, पण संध्याकाळी शेअर रिक्षाच पकडली जाते. आता घरी ट्रेडमिल घ्यावी का असं मनात आहे, आणि मूळ प्रश्न हा की मन टिकवायचं कसं.

मला यात वेगळीच गोष्ट दिसते. तीनदा सुरुवात करणाऱ्या बाईकडे इच्छा कमी आहे असं म्हणता येणार नाही. तिन्ही वेळा नेमक्या कोणत्या आठवड्यात बंद पडलं ते आठवून बघा. एकदा मुलाचा ताप असेल, एकदा मार्चएंड, एकदा गावाहून आलेले पाहुणे. तो आठवडा कोणाचाही हुकला असता. अडचण पुढच्या आठवड्यात आली: परत कुठून, किती आणि कोणत्या दिवशी सुरू करायचं हे ठरलेलंच नव्हतं. मग "आता एक तारखेपासून", "आता गणपती झाल्यावर" असं होत गेलं. माझ्याकडे व्यायाम सुटल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं असंच झालेलं असतं. म्हणून खंड पडणार हे धरूनच आखणी करायची, एवढं एक सूत्र मनात ठेवून पुढचं वाचा.

21 दिवस केलं की सवय लागते, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. रोजची एखादी छोटी कृती आपसूक घडू लागायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. तुमच्या कामाचा निष्कर्ष आणखी एक आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा दीड महिन्यात सवय लागली नाही यात तुमचं काही बिघडलेलं नव्हतं. वेळच पुरेसा गेला नव्हता.

आधी एक तपासणी करून घ्या, कारण "इच्छाच होत नाही" यामागे कधीकधी रक्तातलं कारण असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळिशीत पाळी जास्त जाऊ लागली असेल तर शक्यता आणखी वाढते. बायकांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तो वाढला की जिना चढतानाच धाप लागू शकते, मग कितीही प्रेरणादायी व्हिडिओ दाखवले तरी उपयोग नाही. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी12 जीवनसत्त्व आणि साखर एवढं डॉक्टरांना विचारून करून घ्या. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून ते वेगळं सांगावं लागतं. छातीत दुखणं, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गुडघ्याला सूज यांपैकी काही असेल तर पुढचं सगळं डॉक्टरांशी बोलल्यानंतरच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाच्या वेळा त्यांना सांगा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, फक्त व्यायामात नव्हे, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

आता उत्साहाबद्दल. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयरोगाचा धोका सांगणारी माहिती दिली, तिसऱ्याला तीच माहिती देऊन वर एक वाक्य लिहून घेतलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी किमान 20 मिनिटं व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या 38 टक्क्यांनी, दुसऱ्यातल्या 35 टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या 91 टक्क्यांनी तो व्यायाम केला. हा फरक थोड्या दिवसांपुरता मोजलेला आहे, वर्षभराची हमी त्यात नाही. पण नुसत्या माहितीने आणि उत्साहाने काही हललं नाही, जागा-वेळ लिहिल्यावर हललं, हे मलाही रोजच्या कामात दिसतं.

तुमच्या बाबतीत ती जागा-वेळ कोणती? सकाळी सहाच्या आधी डबे आहेत, संध्याकाळी घरी पोहोचायला साडेसात होतात. पहाटे साडेचारला उठायचा सल्ला मी देणार नाही, कारण झोप सहा तासांच्या खाली गेली की तो व्यायाम फार दिवस टिकताना दिसत नाही. त्याऐवजी चालणं प्रवासात घाला आणि ताकदीचा व्यायाम घरी, आठवड्यातून फक्त दोनदा.

चालण्याचं गणित बघा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. सलग किमान 10 मिनिटं केलं तरच धरायचं, ही जुनी अट 2020 च्या सूचनांमध्ये काढून टाकली आहे. संध्याकाळी स्टेशन ते घर 20 मिनिटं चाललात की पाच दिवसांची 100 मिनिटं झाली. सकाळी सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत तुम्ही आत्ताही चालताच, ती साधारण 10 मिनिटं झपाझप चाललात तर आणखी 50. झाले 150, रिक्षाचे पैसे वाचवून. वेग ओळखायची खूण सोपी आहे: बोलता यायला हवं, गाणं म्हणता येऊ नये.

हे चालणं दोन क्षुल्लक गोष्टींवर अडतं, आणि त्याच सोडवायच्या राहून जातात. पहिली चप्पल. सॅंडलवर वीस मिनिटं झपाझप चाललं की चौथ्या दिवशी टाच धरते आणि रिक्षा परत सुरू होते. घरून बूट घालून निघा, ऑफिसची सॅंडल टेबलाच्या खणात ठेवा. दुसरी पर्स. एका खांद्यावर डबा, पाण्याची बाटली, छत्री असलेली पर्स घेतली की मान आणि एक खांदा भरून येतो. दोन पट्ट्यांची सॅक घ्या. तिसरी गोष्ट क्षुल्लक नाही: सुरुवातीला आठवड्यातून तीनच संध्याकाळी चाला, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन आठवड्यांनी चौथा दिवस, महिन्याने पाचवा. मोबाईलवर 10,000 पावलांचं लक्ष्य लावू नका. तो आकडा टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. आज तुमची 4,000 होत असतील तर 5,500 हे योग्य लक्ष्य.

ताकदीचा व्यायाम मंगळवारी आणि शनिवारी ठेवू. मंगळवारी घरी आल्यावर हातपाय धुवून कपडे बदलायचे आणि सोफ्यावर बसायच्या आधी सुरू करायचं. "पाच मिनिटं टेकते" म्हटलं की संपलं, कारण अंग एकदा सैल सोडलं की उठायचा निर्णय नव्याने घ्यावा लागतो आणि दमलेलं डोकं तो घेत नाही. चार प्रकार पुरे.

खुर्चीवरून उठबस: पाय खांद्याएवढे फाकवून, हातांचा आधार न घेता उठायचं, बसताना मनात तीन मोजत सावकाश टेकायचं, 8 ते 10 वेळा. ओट्याला हात टेकून जोर: हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद, शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ, छाती ओट्याच्या कडेकडे न्यायची, 6 ते 8 वेळा. पिशवी ओढणं: कापडी पिशवीत तीन-चार किलो तांदूळ, एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून वाकायचं, पाठ सपाट ठेवून पिशवी कमरेपर्यंत वर आणायची, प्रत्येक हाताने 8 ते 10. आणि उताणं झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं, वर दोन सेकंद थांबायचं, 10 वेळा. प्रत्येकाची एक फेरी, मध्ये मिनिटभर विश्रांती. दहा-बारा मिनिटांत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, म्हणजे अठरा-वीस मिनिटं. एखाद्या प्रकाराचे दोन्ही फेऱ्यांत 12-12 सहज होऊ लागले की अवघड करा: उठबस करताना तांदळाची पिशवी छातीशी धरा, जोर ओट्याऐवजी पलंगाच्या कडेवर करा, पिशवीत एक किलो वाढवा.

"एवढंसं करून काय होणार" असं वाटेल, आणि नेमक्या याच जागी जिममधला पहिला आठवडा चुकतो. उत्साहात पहिल्याच दिवशी प्रत्येक मशीनवर तीन-तीन फेऱ्या होतात. न सरावलेल्या स्नायूंना, विशेषतः वजन खाली सोडताना, सूक्ष्म इजा होते. दुखणं लगेच जाणवत नाही, 12 ते 24 तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. डोंबिवलीच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मांड्या लटपटतात, बसताना कण्हावं लागतं. मग तिसऱ्या दिवशी जिमला न जाणं अगदी साहजिक आहे. रथसप्तमीला एरवी एकही न घालणाऱ्यांनी एकदम 108 सूर्यनमस्कार घातले की मनगटं आणि खांदे आठवडाभर बोलतात, तेही याचमुळे. स्नायू मात्र पटकन शिकतो. एकदा हलका डोस दिला की पुढच्या वेळी तेवढ्याच श्रमाने दुखणं पुष्कळ कमी होतं. म्हणून पहिले दोन आठवडे एकच फेरी, आणि "अजून तीन जमले असते" अशा ठिकाणी थांबायचं. दुखलंच तर दुसऱ्या दिवशी हलकं चालणं बरं. सांध्यात टोचून दुखणं, एकाच बाजूला दुखणं किंवा सूज हे मात्र वेगळं. त्यात तो प्रकार थांबवायचा.

आता या आखणीचा कणा: किमान डोस. ज्या मंगळवारी लोकल तासभर रखडली, मुलाची उद्या परीक्षा आहे, डोकं दुखतंय, त्या दिवशी काय करायचं ते आजच ठरवा. उठबस 8 आणि ओट्यावरचे जोर 6, बस. तीन मिनिटं, साडी किंवा सलवार न बदलताही जमतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होऊन जातं. यातून ताकद फारशी वाढणार नाही. मंगळवारचा घरी आल्यानंतरचा क्षण व्यायामाचा आहे ही जोडणी मात्र तुटत नाही, आणि पुढच्या वेळी नव्याने सुरुवात केल्यासारखं वाटत नाही. एक धोका सांगून ठेवतो. किमान डोस आवडू लागतो आणि तोच नेहमीचा होतो. म्हणून नियम असा की महिन्यातल्या आठ-नऊ वेळांपैकी तीनपेक्षा जास्त वेळा किमान डोस झाला, तर पूर्ण व्यायामच तुमच्या दिवसाला मोठा पडतोय. तो दोन फेऱ्यांवरून एकीवर आणा.

नोंद ठेवा, पण ॲपमध्ये नको. ॲप उघडायचं म्हणजे मोबाईल हातात घ्यायचा, आणि मग व्हॉट्सॲप. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरेसं आहे. त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, पूर्ण झालं तर उभी रेघ, किमान झालं तर ठिपका, राहिलं तर काही नाही. महिना संपला की पान उलटण्याआधी दोन मिनिटं बघा. रिकामे चौकोन कोणत्या वारी आहेत? मंगळवार चारपैकी तीनदा रिकामा असेल तर मंगळवारी काहीतरी आहे, क्लासला सोडणं, उशिराची मीटिंग. वार बदला. स्वतःला बोल लावण्यात तो महिना घालवू नका.

परत यायची वाटही आत्ताच लिहून ठेवा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तीन-चार दिवस हुकले तर काहीही बदल न करता पुढचा ठरलेला वार. हुकलेलं भरून काढायला एकदम दुप्पट करायचं नाही. एक ते दोन आठवडे हुकले तर पहिल्या दोन वेळा निम्म्या फेऱ्या, मग पूर्ववत. तीन आठवड्यांहून जास्त गेलं तर पहिल्या आठवड्याच्या डोसपासून, पण या वेळी व्यायाम वाढवायच्या पायऱ्या दुप्पट वेगाने चढता येतात. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत ताकद फार कमी घटते. दम त्याआधी कमी होतो, म्हणून परतल्यावर पहिल्या चालण्यात धाप लागते आणि "सगळं गेलं" असं वाटतं. तसं नसतं, आठवड्या-दोन आठवड्यांत तो परत येतो. ताप आला असेल तर औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसल्यावर दोन दिवस फक्त सावकाश चालणं, मग ताकदीचा व्यायाम. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवायची गरज नाही. जास्त जात असेल त्या दिवशी चालणं किंवा किमान डोस, बाकी दिवस नेहमीप्रमाणे.

काही खंड तर तारखेनिशी माहीत असतात. मार्चचा दुसरा पंधरवडा तुमच्या बँकेत कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीचे दिवस, दिवाळीचा आठवडा, मुलांच्या वार्षिक परीक्षा. त्या चौकोनांवर आधीच लहान ठिपका काढून ठेवा: या काळात फक्त किमान डोस. आधी ठरवून कमी केलेलं मनाला लागत नाही, त्यामुळे त्यातून परतणंही सोपं जातं. जून ते सप्टेंबर चालणं कोसळतं, हे मुंबईत सगळ्यांचंच होतं. तेव्हा संध्याकाळच्या चालण्याऐवजी इमारतीचा जिना: चार मजले चढा, लिफ्टने खाली या, असं 10 मिनिटं. लिफ्ट नसेल तर कठडा धरून सावकाश उतरा. गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना. तोही जमत नसेल तर घरात सहा-सात सूर्यनमस्कार, सुरुवातीला तीन. एकाला अर्धा मिनिट द्या, घाईने घालू नका. आणि ट्रॅकवर पाणी भरलेल्या दिवशी घरी सुखरूप पोहोचणं एवढंच काम आहे.

वजनकाट्याबद्दल सांगायलाच हवं, कारण अनेकांचा व्यायाम तिथे मरतो. साधारण 60-65 किलोच्या व्यक्तीच्या अर्ध्या तासाच्या झपाझप चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात त्याहून जास्त असतात. वर पहिल्या काही आठवड्यांत स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे वजन अर्धा-एक किलो वाढलेलंही दिसू शकतं. महिनाभर घाम गाळून काटा पुढे गेलेला बघितला की कोणाचंही मन मोडेल. वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटातला आहे, तो वेगळा सोडवा. व्यायामाचं माप व्यायामाच्याच गोष्टींनी घ्या. आज तीन आकडे लिहा: 30 सेकंदांत खुर्चीवरून किती उठबशी होतात (ही चाचणी ज्येष्ठांसाठी वापरतात, पण स्वतःची स्वतःशी तुलना करायला कुठल्याही वयात चालते), सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटाला नाडीचे ठोके किती, आणि स्टेशन ते घर नेमकी किती मिनिटं लागली. दर चार आठवड्यांनी परत लिहा. उठबशींचा आकडा पहिल्या महिन्यातच वाढतो, कारण सुरुवातीची ताकद स्नायू मोठे होण्याआधी मज्जासंस्था त्यांना नीट वापरायला शिकल्याने येते.

म्हणजे सुरुवातीचा आठवडा असा दिसेल: सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी चालत घरी, मंगळवारी घरी आल्याबरोबर आणि शनिवारी सोयीच्या ठरलेल्या वेळी ताकदीचे चार प्रकार, रविवार मोकळा. गुरुवारी रिक्षा पकडली तरी चालेल.

सोबत मिळाली तर उत्तम, इमारतीतली कोणी मैत्रीण त्याच लोकलने येत असेल तर चालणं सोपं होतं. फक्त "एकमेकींसाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही" हे दोघींनी कबूल करा, नाहीतर एकीचा खंड दोघींचा होतो. एकट्याने चालताना एखादी आवडती श्राव्य मालिका फक्त चालतानाच ऐकायची असं ठरवलं तर ओढ राहते. रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा.

जिमबद्दल: जिम वाईट नाही, आणि तीन-चार महिन्यांनी घरची पिशवी हलकी वाटू लागेल तेव्हा तिथलीच वजनं लागतील. तेव्हा स्टेशन आणि घर यांच्या वाटेवरची जिम बघा, वाट वाकडी करावी लागणारी नको. फी दर महिन्याची द्या, महाग पडली तरी. वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर पहिले काही आठवडे ते टोचतात आणि माणूस जातो, मग ती टोचणी विरते आणि हजेरीही. दर महिन्याला पैसे देताना ती ताजी होत राहते.

ट्रेडमिल आत्ता घेऊ नका. तुमची चालायची सोय स्टेशन ते घर आधीच आहे, आणि तुमच्या अडचणीत यंत्राची उणीव कुठेच नाही. एक पावसाळा जाऊ द्या. कालनिर्णयावर जून ते सप्टेंबरची पानं बघा. जिना आणि नमस्कार करूनही चालण्याचे चौकोन रिकामे राहिले असतील तर विचार करा, आणि तेव्हाही चालण्याचा पट्टा किमान 120 सेंटीमीटर लांब आहे का, दुरुस्तीला माणूस डोंबिवलीत येतो का आणि खालच्या मजल्यावर आवाज किती जातो हे आधी विचारा. तोपर्यंत त्याच पैशातले थोडे चांगल्या बुटांवर घालवा. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून माप घ्या.